मनोरा बंद होता ती रात्र

आजऱ्याचा मनोरा रात्रभर बंद पडला होता, म्हणून सकाळी नळावर जमलेल्या बायकांकडे एकमेकींना सांगण्यासारखं काहीतरी होतं. एरवी बातम्या, मालिका, जाहिराती, सगळं मनोऱ्यावरून थेट झोपेत यायचं. सगळ्या गावाने तेच पाहिलेलं, मग सांगणार कुणाला? आज मात्र कुणी ढगावरून चालून आली होती, कुणी माहेरच्या विहिरीत पोहून आली होती. घागरी भरून वाहत होत्या आणि कुणाचं लक्ष नव्हतं.

रेहाना हत्यारांची पिशवी घेऊन मनोऱ्याकडे निघाली होती. द्वारकाबाईंनी तिला वाटेतच थांबवलं.

“आमचे मालक आले होते गं स्वप्नात. गेल्यापासून पहिल्यांदाच.”

“बरं झालं की, काकू.”

“मी चिडलेच. म्हटलं, इतकी वर्षं कुठं होता? तर म्हणाले, रोज येतो. पण आत सगळी अनोळखी माणसं बोलत बसलेली असतात. तुझे पाहुणे असतील म्हणून दारातूनच परत फिरतो.”

रेहानाला ते आठवत होते. जिवंतपणीही घरात चार माणसं दिसली, की चपला न काढताच मागे वळायचे.

“दुरुस्तच करू नको, असं नाही म्हणत मी,” द्वारकाबाई म्हणाल्या. “लोकांना बातम्या लागतात. पण आजची रात्र थांब. भांडायच्या नादात त्यांना चहा विचारायचाच राहिला.”