आखूड पाय

टेबलाचा एक पाय तिने मुद्दाम अर्धं बोट आखूड ठेवला होता. हात टेकला की टेबल डुगडुगायचं. जाणकारांना त्यात जगाची अस्थिरता दिसली आणि डिझायनर म्हणून तिचं नाव झालं. प्रदर्शनाला सुतार वडील पहिल्यांदाच आले. त्यांनी टेबलावर हात टेकला, चपापून इकडेतिकडे पाहिलं, निमंत्रणपत्रिकेची चौपदरी घडी केली आणि वाकून आखूड पायाखाली सारली. मग तिच्या कानाशी येऊन म्हणाले, "घाईत राहिलं असेल, पोरी. कुणाला कळलेलं नाही." तेवढ्यात संग्रहालयाचे संचालक टेबल विकत घ्यायला आले. त्यांनी इकडून दाबलं, तिकडून दाबलं. टेबल ढिम्म. "हे हलत कसं नाही?" पत्रिका ओढून काढायला तिला क्षणही लागला नसता. शेजारी वडील हात मागे बांधून निर्धास्त उभे होते. "आज नाही हलणार," ती म्हणाली, "माझे वडील आलेत."