मोसंबी रंगाची शेपटी

चहा निवला तरी सुट्टीवर घरी आलेल्या साधनानं कप उचलला नव्हता. उषाबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. लेकीचं काय बिनसलंय, हे त्यांनी विचारलं नाही. घरात दोघीच होत्या. साधनाचे वडील पुंजाराम सकाळीच आपला एकुलता एक बैल घेऊन गावातल्याच भुजंगच्या रानात गेले होते. दोघांकडं एकेकच बैल, म्हणून दोघांची सावड. आज भुजंगच्या रानात जोडी चालायची, उद्या यांच्या. हसनाबादेत ट्रॅक्टरची काही वाण नव्हती, पण पुंजारामांना बैल सोडवत नव्हता आणि भुजंगला पुंजाराम.

साधना गोदाई एअरमध्ये सहवैमानिक होती. कंपनीचं नाव मोठं, पसारा एवढासा. पंख्याची दोन विमानं आणि मोजके मार्ग. मालक जालन्याचे, बियाण्यांच्या धंद्यातले. विमानाच्या शेपटीला रंग कोणता द्यायचा, हे सांगायला पुण्याहून जाणकार मंडळी आली आणि त्यांनी निळा सुचवला. मालक म्हणाले, "आभाळ निळं, शेपटी निळी. मंग दिसंल काय, कप्पाळ?" शेपटी पिकल्या मोसंबीसारखी पिवळी झाली.

संभाजीनगरहून अमरावतीला जाणारं यातलं एक विमान रोज सकाळी हसनाबादवरून जायचं. पहिल्या दिवशी अख्खं गाव गच्च्यांवर चढलं होतं. पुढं गाव आपापल्या कामाला लागलं. उषाबाई मात्र चुकल्या नाहीत. घरघर कानावर आली, की हातातलं काम टाकून मुठीत मीठ-मोहऱ्या घ्यायच्या, गच्चीवर जायचं आणि विमानाची दृष्ट काढायची. एवढी मोठी चीज अधांतरी चालली म्हणजे नजर लागणारच, असं त्यांचं म्हणणं. वर साधनाही कॅप्टन संपतना विचारून विमानाचा पुढचा दिवा एकदा लावायची आणि विझवायची. मायलेकींची रोजची भेट ती एवढीच, पण तिच्यावर दोघींचा दिवस गोड जायचा.

आणि नेमकं तेच आता मोडणार होतं.

"माय, एक सांगायचं होतं."

"सांग की. चहाची शुद्ध न्हाई तुला, म्हंजे काहीतरी हायच."

"कंपनी तिसरं विमान घेऊन राह्यली. कोकणात नवे मार्ग सुरू होणार. तिकडं गेले, तर मला कॅप्टन करायला तयार हायेत. पण हे आपल्या गावावरून जाणारं विमान मंग माझ्याकडं न्हाई राहणार." साधनानं कपाकडं बघत उरलेलं एका दमात सांगून टाकलं. "संध्याकाळपर्यंत कळवायचंय. म्या न्हाई म्हणून सांगते."

उषाबाईंचे हात थांबले. कॅप्टन व्हायचं हे पोरीचं वेड त्यांना ठाऊक होतं. विमान शिकायला निघाली तेव्हा सगळ्या भावकीशी त्याच भांडल्या होत्या. साधनालाही ते आठवत होतं, आणि म्हणूनच तिचा पाय निघत नव्हता. हिला रिकाम्या आभाळाकडं बघत ठेवून आपण खांद्यावर कॅप्टनची चौथी पट्टी कशी मिरवायची?

तेवढ्यात घरघर आली.

उषाबाईंनी हाताचं पीठ झटकलं, फळीवरच्या डब्यातून मीठ-मोहऱ्या घेतल्या आणि त्या तडक जिना चढू लागल्या. साधना बघतच राहिली. लेक समोर बसलीय, हे विसरल्या की काय? तीही मागोमाग धावली.

वर पिवळी शेपटी उन्हात चमकत होती. उषाबाईंनी विमानाच्या दिशेनं मूठ ओवाळली. "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची नजर जळून जाऊ दे," त्या पुटपुटल्या. विमानाचा पुढचा दिवा एकदा लागला आणि विझला.

साधना चमकली. दिव्याची गोष्ट तिनं कंपनीत कॅप्टन संपतशिवाय कुणालाच सांगितली नव्हती. म्हणजे ती नसतानाही ते न चुकता लावत होते!

"माय, अगं म्या इथं हाय! त्यात म्या न्हाई!"

"म्हाईत हाय. आंधळी झाले का म्या?" उषाबाईंची मूठ फिरतच होती. "तू सुट्टीवर असली तरी म्या काढतेच की. आज कोण हाय त्यात?"

"कॅप्टन संपत आन् एक नवीन पोरगी. पायल नाव तिचं. माझ्या जागी तीच येणार."

"मंग ती काय बिनमायीची हाय?"

इतके दिवस ती मूठ आपल्या एकटीसाठीच फिरते, असं साधना धरून चालली होती. तिचे डोळे भरून आले. विमान टेकाडापलीकडं दिसेनासं होईपर्यंत दोघी गच्चीवर उभ्या राहिल्या.

खाली येऊन उषाबाईंनी मूठ चुलीत रिकामी केली. मोहऱ्या तडतडल्या. त्या पुन्हा भाकरी थापायला बसल्या.

"कुठली हाय गं ती पोरगी?"

"मालवणची. कोकणातली."

"म्हंजे तू जाणार तिकडचीच?"

"हो."

"मंग रडती कशाला येडे? सावडच झाली की ही! तिची दृष्ट म्या काढते, तुझी तिची माय काढंल. लाव तिच्या मायला फोन, मोहऱ्या भरून ठेव म्हणावं."