व्याह्यांना गार पायजे

टेम्पो थांबला. पुढं नवरदेव होता.

म्हणजे पुढं घोडा होता, घोड्यावर नवरदेव, घोड्यापुढं बँड, आणि बँडपुढं सिन्नरहून आलेलं अख्खं वऱ्हाड नाचत होतं. एका बाजूला पाट, दुसऱ्या बाजूला द्राक्षबागेचं तारेचं कुंपण. मधून सायकलसुद्धा गेली नसती. नाचणाऱ्यांच्या पलीकडं, हाकेच्या अंतरावर, लग्नाचा मांडव दिसत होता.

टेम्पोत मागं शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या कारखान्यातून आणलेली बर्फाची लादी होती. लादीभोवती गोणपाट, गोणपाटावर भुसा आणि भुशावर नवरीचा बाप वाल्मीक. सत्त्याण्णव सालचा मे महिना. वरनं ऊन, खालनं बर्फ. नवा कोरा पायजमा मागून चिंब झालेला. फळीच्या फटीतून पाणी रस्त्यावर टपटपत होतं.

"हॉर्न देऊ का दाजी?" पुढून मेहुण्यानं, मल्हारीनं विचारलं. टेम्पो त्याचाच.

"खबरदार. वऱ्हाडाला हॉर्न देतो का? आपण मुलीकडचे हाय."

"मग उतरून सांगा, जरा कडंला व्हा म्हणून."

"कोण म्हणून सांगू? मुलीचा बाप म्हणून का बर्फवाला म्हणून?"

मल्हारीनं मागं वळून त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "अवतार तर बर्फवाल्याचाच हाय."

कोल्ड्रिंकच्या बाटल्या परवडत नव्हत्या, म्हणून वाल्मीकच्या बायकोनं, सिंधुबाईनं, बांधावरच्या कैऱ्या उकडून तीन पिंपं पन्हं केलं होतं. सगळं जेवणच भावकीतल्या बाया रांधत होत्या, तिथं पन्ह्याचं काय एवढं. व्याही बहिरूतात्या म्हणाले होते, "पन्हं चालंल. पण गार पायजे." तेवढ्या एका शब्दानं सिंधुबाईची झोप उडाली होती. वाल्मीकला सकाळी टेम्पोत चढवताना तिनं बजावलं होतं, "कोमट पाजलं तर पोरीला जन्मभर ऐकावं लागंल. बर्फ आणल्याशिवाय तोंड दाखवू नका."

गाणं संपलं. वाल्मीकनं श्वास सोडला. नवरदेवाच्या काकानं एक बोट वर केलं, आणि बँडनं तेच गाणं पहिल्यापासून धरलं.

"ह्यांच्यासाठी बर्फ आणायचा, अन् ह्यांनीच तो अडवायचा," वाल्मीक म्हणाला. "ह्यांना कळत कसं नाय?"

"कळवतो," म्हणत मल्हारी उतरला. पान्यानं त्यानं लादीचा एक कोपरा फोडला, ओंजळभर खडे घेतले आणि नाचणाऱ्यांना सोडून सरळ बँडवाल्यांकडं गेला.

"घ्या मास्तर. घसा सुकला असंल."

सकाळपासून उन्हात फुंकणारा माणूस. नाही कसं म्हणणार? मास्तरांनी खडा तोंडात टाकला आणि त्यांचा ट्रंपेट बंद पडला. मग शेजारच्याचा. मग त्याच्या मागच्याचा. तोंडात बर्फ धरून फुंकणारा बँडवाला अजून जन्माला यायचाय. राहिला ढोलवाला. त्याच्या धंद्याला तोंड लागत नाही, तो बडवत राहिला. मल्हारीनं त्याच्या पाठीमागं जाऊन कॉलरमधून एक खडा आत सोडला.

ढोलही थांबला. आता वऱ्हाड मांडवाकडं सरकणार होतं.

"काढ, काढ, टेम्पो काढ," वाल्मीक टेम्पोत स्वतःशीच पुटपुटला. कितीतरी वेळानं त्याच्या तोंडावर हसू आलं होतं.

तेवढ्यात काका वळला. "बँड का थांबला रे? अन् तोंडात काय हाय तुमच्या?"

पुढचं सगळं फार पटकन झालं. वऱ्हाड टेम्पोला येऊन चिकटलं. "पाहुणे, मांडवात देणारच हाय की," वाल्मीक म्हणाला. "तिथं परत घेऊ की," पाहुणे म्हणाले आणि त्यांनीच पाना उचलला. कुणी डोक्यावर धरला, कुणी टोपीत घेतला, कुणी आपल्याच मेहुण्याच्या पाठीत घातला. म्हाताऱ्यांनी पदरात बांधून घेतला. मुंडावळ्या बाजूला सारून खुद्द नवरदेवानं वरून हात पुढं केला, "मामा, मला पण एक." होणाऱ्या जावयाला नाही म्हणायची सोय नव्हती. शेवटी घोड्यानं मान खाली घातली आणि उरलेला तुकडा चाटायला घेतला. वाल्मीकनं हात उचलला, पण परत खाली घेतला. घोडाही मुलाकडचा होता.

टेम्पो मांडवामागं लागला तेव्हा त्यात ओलं गोणपाट होतं आणि भुसा. सिंधुबाई पळी घेऊन पिंपापाशी उभी होती.

"बर्फ?"

"पोचला," मल्हारी म्हणाला. "पाहुण्यांना पोचला. पन्हं तेवढं पोचवायचं राहिलंय."

सिंधुबाईनं पळी उचलली. ती कुणाला बसली असती कोण जाणे, पण तेवढ्यात बहिरूतात्या आले. गळ्याशी हात, आवाज घोगरा.

"विहीणबाई, गार काय देऊ नका बरं का. बर्फ खाऊन समद्यांचे घसे धरलेत. चहा टाका. कडक. आलं घालून."

"समद्यांना?"

"समद्यांनाच," तात्या म्हणाले आणि खाकरत गेले.

मल्हारी दूध बघतो म्हणून जो सटकला, तो दिसेनासा झाला. सिंधुबाई तीन काठोकाठ पिंपांकडं बघत राहिली. मग तिनं एक पेला भरला आणि नवऱ्याच्या हातात दिला. वाल्मीक एका दमात प्यायला.

"कोमट हाय का?" तिनं विचारलं.

"हाय," म्हणत वाल्मीकनं पेला परत पुढं केला.