ताटकळलेलं पान

पान काही उघडेना. टॅबच्या मधोमध नुसतं एक चक्र गरगरत होतं आणि सून त्याच्याकडे दातओठ खात बघत होती. चार वाजता दवाखान्यातून नर्सबाई येणार होत्या, मुलांच्या वॉर्डासाठी हा गोष्टींचा टॅब न्यायला. साडेतीन तर इथेच वाजले होते.

"कुठं घोडं पेंड खातंय?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, गोष्टीचं पान उघडताना बाहेरून शंभर तुकडे मागवतं. चित्रं, अक्षरं आणि त्या मेल्या जाहिराती. मी बनवलेल्या ॲपमधला ब्राउझर प्रत्येक मागणी वाटेतच अडवतो. कामाचं असेल ते आत सोडतो, जाहिरात असली की रोखतो. रोखतोय अगदी चोख. पण मग पानच उघडत नाही!" सून रडकुंडीला आली होती.

तेवढ्यात बेल वाजली. दारात पाण्याचे फिल्टर विकणारा होता. "नको हो आम्हाला, आहे घरात," म्हणून सासूबाई परत आल्यासुद्धा.

"एवढं तोडून बोलायचं?"

"तोडून कुठं? 'बरं काकू' म्हणून हसत शेजारी गेला तो. 'थांबा, सुनेला विचारते' म्हणून मी आत येऊन बसले असते, तर बिचारा अजून ताटकळत असता. नको तर नको म्हणावं. माणूस मोकळा होतो."

सून ताडकन सरळ बसली. तिचा ब्राउझर जाहिरात अडवत होता, पण पानाला तसं कळवतच नव्हता. पान आपलं वाट बघत बसलेलं. तिने लॅपटॉपवर भराभर कोडच्या चार ओळी लिहिल्या. अडवलेल्या प्रत्येक मागणीला लगेच उत्तर द्यायचं, रिकामं का होईना.

टॅबवर छत्री घेतलेला हत्ती उमटला. खाली गोष्ट. जाहिरातीचा मागमूस नाही. सुनेच्या जिवात जीव आला. तिने सासूबाईंना गच्च मिठी मारली.

"आई, तुम्ही म्हणजे ना! मागा काय हवं ते."

"मागून झालंय," सासूबाई मिठीतूनच म्हणाल्या. "गाडी शिकवशील का म्हणून विचारलं होतं. दोन महिने झाले. तू म्हणालीस, बघू."

सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिने खुंटीवरची किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली. "टॅब दिला की निघू. आधी ब्रेक शिकवते."

"थांबवायचं मला येतं गं," सासूबाई म्हणाल्या. "सुरू कशी करायची तेवढं सांग."