बुचाचा वास

ताईंनी बूच काढलं, ग्लास नाकाशी धरला, एक घोट घेतला आणि मान हलवली. त्यांनी अशी मान हलवल्याशिवाय पाहुण्यांना वाइन ओतायची नाही, अशी या वाइनरीची रीत होती.

खरं तर ताईंना काही म्हणजे काही कळलं नव्हतं. तीन महिन्यांपूर्वीच्या तापात नाक साफ गेलं होतं. चाखवणाऱ्या बाईलाच वास येत नाही हे मालकांना कळलं, तर ते कशाला ठेवतील? म्हणून त्यांनी कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. वर्णनं तोंडपाठ होती. नशीब म्हणा, तेव्हापासून एकही बाटली खराब निघाली नव्हती.

टेबलाशी नवरा-बायको होते आणि बायकोची मावशी. दोन दिवस वरच्या खोलीत राहायचं, खायचं, प्यायचं असा बेत. मालक सकाळी स्वतः त्यांना स्टेशनवरून घेऊन आले होते, आता खिडकीशी उभे होते.

"काळी चेरी," ताई म्हणाल्या, "मागून थोडी मिरी."

"वा, काय सुगंध आहे," म्हणून जावई मोकळे झाले. मावशीने मात्र ग्लास खाली ठेवला. तीस वर्षं हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात काढलेली बाई ती.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," ती म्हणाली, "पण याला भिजक्या पुठ्ठ्याचा वास येतोय."

भाचीने तिला कोपराने ढोसलं. पुठ्ठ्याचा वास म्हणजे बूच बिघडलेलं. नवशिकासुद्धा ओळखेल.

मालकांनी येऊन ग्लास हुंगला. "मावशी, नाक आहे हो तुम्हाला. माफ करा, दुसरी आणतो," म्हणाले आणि ताईंना घेऊन मागच्या कोठारात गेले. ताईंनी अ‍ॅप्रनची गाठ सोडायलाच घेतली.

"साहेब, मला वास..."

"येत नाही. माहीत आहे की. त्या दिवशी केबिनमध्ये वायर जळत होती आणि तुम्ही शेजारी बसून आरामात लेबलं चिकटवत होता."

"मग बोलला नाहीत?"

"तुम्ही सांगाल तेव्हा सांगाल म्हटलं. हवा लागावी म्हणून रोज सकाळी मी बाटल्या उघडून ठेवतो ना, ते हुंगायलाच. आज स्टेशनवर गेलो आणि राहून गेलं." त्यांनी नवी बाटली उघडली, हुंगली, ताईंच्या हातात दिली. "बारा वर्षं तुमच्या नाकावर धंदा चालला, ताई. थोडे दिवस माझ्या नाकावर चालेल."

बाटली खाली ठेवून ताईंनी अ‍ॅप्रनची गाठ परत बांधली. अशी माणसं मिळायला भाग्य लागतं, एवढंच मनात येत राहिलं.

बाहेर मावशी कानकोंडी होऊन बसली होती. "माझ्यामुळे ओरडा बसला का हो?"

"नाही हो." ताईंनी तिचा हात क्षणभर हातात धरला, मग ग्लासात ओतलं. "मला वास येत नाही, मावशी. तीन महिने झाले. कसा आहे, तुम्हीच सांगा."

मावशीने ग्लासात नाक घातलं. मग ग्लास फिरवून परत एकदा हुंगलं.

"करपायच्या आत उतरवलेली साखर," ती म्हणाली.

ताईंनी डोळे मिटले. "अजून सांगा."