रॅकखालची पंगत

"साहेब, या की. तुमची जागा धरलीय."

धोंडिबा मुकादमानं हाक मारली आणि सुहासच्या हातातला डबा एकदम जड झाला.

गोदामातल्या नव्या रॅकखाली जेवणाची पंगत बसली होती. नवा आपला म्हणायचा, आणलेला होता एका बंद पडलेल्या कारखान्यातून. धोंडिबा, त्याचे पाच हमाल, पाकिटं भरणारी शालन आणि तिच्या बरोबरीच्या बायका, सगळे फरशीवर मांडी घालून डबे उघडत होते. त्यांच्या डोक्यावर लोखंडाचे चार मजले होते आणि प्रत्येक मजल्यावर गुळाच्या ढेपा आणि शेंगदाण्याची पोती. लोणावळ्याच्या चिक्कीवाल्यांचा दिवाळीच्या सुट्टीचा सगळा माल कान्हे फाट्याजवळच्या या एका छपराखाली होता. फोर्कलिफ्टनं तो सकाळपासून वर चढवला होता.

रॅक निवडला होता सुहासनं. गोदामाचा मॅनेजर तो, कागदावर सहीही त्याचीच. कोरा रॅक यायला दोन महिने लागणार होते, हा आठवड्यात उभा राहणार होता, आणि मालकांना घाई होती. "बघून ये आणि हो म्हण," ते म्हणाले होते. त्यात बघायचं किती आणि हो म्हणायचं किती, हे न कळण्याइतका सुहास दुधखुळा नव्हता.

तरी त्यानं बघितलं, आणि नको ते नेमकं बघितलं. चौथा खांब गुडघ्याएवढ्या उंचीवर कधीतरी धक्का बसून वाकलेला होता. तो ठोकून सरळ केला होता, वेल्डिंग मारलं होतं आणि वरून निळा रंग फासला होता. सुहासनं अंगठा टेकवला तर रंग अंगठ्याला लागला. विकणारा गोड हसला. "हत्ती चढवा वर, साहेब." सुहासनं अंगठा रुमालाला पुसला आणि सही केली.

आता त्याच खांबाला पाठ टेकून शालन कांदा फोडत होती.

"कसला इचार करताय?" धोंडिबा म्हणाला. तीस वर्षं त्यानं पोत्यांच्या थप्प्या लावल्या होत्या. "आमच्यात रीत हाय. ज्यानं थप्पी लावली, त्यानं पयली भाकर तिच्या सावलीत खायाची. मग बाकीची मान्सं बिनघोर वावरत्यात. ह्यो रॅक काय आमी लावला न्हाई. तुमी निवडलाय. पयला घास तुमचा."

"तुमी खाल्ल्याबिगर आमाला बी खाता यायचं न्हाई," शालन हसत म्हणाली. "बसा की, भाऊ."

सगळे घास हातात धरून थांबले. त्या शांततेत वर कुठंतरी लोखंड टक्कन वाजलं. कुणाचं लक्षही गेलं नाही, पण सुहासची नजर चौथ्या खांबावर गेली. पाय उचलायला गेला तर पाय हलेना. विहिरीच्या काठावर लहान मूल घाबरावं तसा तो घाबरला होता, आणि त्याची त्याला लाजही वाटत होती. "उठा तिथून" एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न सहीचा येणार होता.

"माझा... माझा आज उपास आहे, आबा."

वार बुधवार होता, आणि त्याच्या डब्यातून अंड्याच्या रश्श्याचा वास सुटला होता.

धोंडिबानं डब्याकडे बघितलं. मग सुहासच्या पायांकडे बघितलं. फरशीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे ते रोवल्यासारखे उभे होते. मग त्यानं मान वर करून चारही मजले एकेक करून बघितले. तोंडाशी आणलेला घास परत डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

"शालन, ऊठ," तो म्हणाला. आवाज जराही चढला नव्हता. "समदी उठा. सावकाश. खांबाला हात लावू नगा. आज आपला बी उपास हाय."