खिशातला कांदा

बायकोची धावायची पँट धुवायला टाकताना दिगंबरच्या हाताला खिशात कांदा लागला. अकोल्यात ऊन बाधू नये म्हणून लोक कांदा जवळ ठेवतात, हे त्याला ठाऊक होतं. पण सुलभाला स्वतःहून असलं काही सुचणं शक्य नव्हतं. मग तिची एवढी काळजी करणारा हा कोण उपटला?

थंडीत दोघं जोडीनं धावायला लागली होती. चैत्र तापला तसं दिगंबरनं गुडघ्याचं निमित्त काढलं आणि बैठकीतल्या कूलरपुढं पथारी टाकली. सुलभा मात्र रोज पहाटे निघायची आणि ऊन चढल्यावर लालबुंद होऊन, हसत परतायची. मैदानावरच्या कुण्या उंच बँकवाल्याचं कौतुक हल्ली तिच्या तोंडी फार असायचं. ते ऐकून दिगंबरच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दुसऱ्या दिवशी तो झोपेचं सोंग घेऊन पडला आणि सुलभा उठताच दबक्या पावलांनी तिच्यामागे दारापर्यंत गेला. अंगणात त्याची आई उभी होती. तिनं पदराआडून कांदा काढला, सुनेच्या खिशात कोंबला आणि तिच्या गालावरून हात फिरवला.

बँकवाला सुटला, पण पोटातली आग काही विझेना. पोटच्या पोराला सोडून सुनेचे हे लाड!

सुलभा फाटकाबाहेर पडताच तो आईपुढं उभा ठाकला. "मला नाही कधी दिलास कांदा!"

"कांदा उन्हात जाणाऱ्याले लागते, बापू," आई म्हणाली. "तुह्या अंगावर रोज पहाटे चादर कोण टाकते? कूलरपुढं थंडी वाजते ना तुले!"